परदेशी क्लबची ऑफर आलीय, पण दुसरा गोलकीपर म्हणून. जावं का?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. तू वीस वर्षांचा आहेस. गेला पूर्ण हंगाम आपल्या देशातल्या क्लबकडून पहिला गोलकीपर म्हणून खेळलास. आता युरोपातल्या एका वरच्या लीगमधल्या क्लबने तीन वर्षांचा करार पुढे केलाय, पण जागा दुसऱ्या किंवा तिसऱ्या कीपरची आहे. एजंट म्हणतो, ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंना क्लब बदलता येतो तो ठरलेला काळ, बंद व्हायच्या आत सही कर. घरचे म्हणतात, खेळायला मिळतंय तिथेच राहा. तू विचारतोयस की मोठ्या क्लबच्या बेंचवर बसूनही शिकता येतं का.

मी परदेशात पहिला कीपर म्हणून खेळलोय, दुसरा म्हणून बसलोयही, आणि आता बरीच वर्षं कीपरनाच शिकवतो. माझं उत्तर असं: क्लब कोणता, लीग कोणती, पगार किती हे सगळं नंतर बघ. तुझ्या पुढे उभा असलेला कीपर कोण आहे, ते आधी बघ.

स्ट्रायकर किंवा मिडफिल्डर परदेशात गेला तर त्याला शेवटची वीस मिनिटं मिळतात, वेगळ्या जागेवर खेळवून बघतात, कोणी दमला की आत पाठवतात. कीपरचं तसं नसतं. जागा एकच, आणि ती दुखापत, रेड कार्ड किंवा फॉर्म पार ढासळणं यांशिवाय रिकामी होत नाही. त्यामुळे पुढच्या माणसाचं वय काय, त्याच्या कराराची किती वर्षं उरलीत, तो राष्ट्रीय संघात आहे का, क्लब त्याला विकायच्या विचारात आहे का, याची माहिती तुझ्या एजंटकडे असायलाच हवी. ती नसेल तर त्याने तुझ्यासाठी काम केलेलं नाही. चौतीस वर्षांचा, करार संपत आलेला कीपर पुढे असेल तर ती ऑफर खरी. चोवीस वर्षांचा, नुकताच मोठी रक्कम मोजून आणलेला कीपर असेल, तर तुला सरावात उभं राहायला माणूस म्हणून बोलावलंय.

मेक्सिकोचा कीपर गिएर्मो ओचोआ, त्याचं उदाहरण घे. 2014 च्या विश्वचषकात ब्राझीलविरुद्ध त्याने काय केलं ते सगळ्या जगाने पाहिलं. त्यानंतर तो स्पेनमधल्या मालागाकडे गेला. तिथे पुढे कार्लोस कामेनी होता, आणि पहिल्या हंगामात ओचोआला लीगमध्ये एकही सामना मिळाला नाही. विश्वचषकात गाजलेल्या कीपरचंही असं होतं. पुढचा माणूस चांगला खेळत असेल तर कोणताही कोच तिथे हात लावत नाही.

उलट बाजूला यान ओब्लाक आहे. तो स्लोव्हेनियातून सतराव्या वर्षी बेन्फिकात गेला आणि तिथल्या बेंचवर कुजला नाही, कारण क्लबने त्याला पोर्तुगालमधल्याच चार छोट्या क्लबांत लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरता उसना, पाठवलं. बैरा-मार, ओल्यानेन्से, उनियाओ दि लैरिया, रिओ आवे. 2014 मध्ये अॅटलेटिको माद्रिदने त्याला घेतलं तेव्हाही सुरुवातीला पहिला कीपर मोयाच होता. मार्च 2015 मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये लेव्हरकुसेनविरुद्ध मोयाला दुखापत झाली, ओब्लाक पहिल्या हाफमध्येच मैदानात आला, सामना पेनल्टी शूटआउटमध्ये जिंकला, आणि त्यानंतर ती जागा त्याचीच झाली. लोक त्या एका रात्रीबद्दल बोलतात. मला त्याआधीचे लोनवरचे हंगाम जास्त महत्त्वाचे वाटतात. त्या सामन्यांशिवाय तो त्या रात्री तसा शांत उभा राहिला नसता.

एमिलियानो मार्टिनेझची वाट तर आणखी लांब. अर्जेंटिनाहून 2010 मध्ये आर्सेनलमध्ये आला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्यानंतर ऑक्सफर्ड, शेफिल्ड वेन्सडे, रॉदरहॅम, वुल्व्ह्ज, खेताफे, रेडिंग अशी लोनची रांग. जून 2020 मध्ये आर्सेनलचा पहिला कीपर लेनो याचा गुडघा दुखावला तेव्हा त्याला सलग सामने मिळाले आणि त्या हंगामाचा एफए कप त्याने खेळून जिंकला. सप्टेंबरमध्ये तो अॅस्टन व्हिलाकडे गेला. 2021 ला कोपा अमेरिका, 2022 ला विश्वचषक आणि स्पर्धेतला सर्वोत्तम कीपर. ही गोष्ट सांगून एजंट लोक पोरांना धीर धरायला लावतात. पण त्यात दहा वर्षं गेली, आणि तशीच दहा वर्षं घालवूनही नाव न झालेले कीपर मी कितीतरी पाहिलेत. धीर हवाच, पण तो सामने खेळत धरायचा.

तर बेंचवर शिकता येतं का? येतं, पण ठरावीक काळापर्यंत. कसं ते सांगतो, कारण दुसऱ्या कीपरचा आठवडा बाहेरच्यांना ठाऊक नसतो.

सकाळी तीन-चार कीपर आणि गोलकीपिंग कोच संघाच्या आधी मैदानात असतात. हँडलिंग, पायांची हालचाल, मग जवळून सुटलेले फटके, मग क्रॉस. हा तासभर सोन्यासारखा असतो. समोरचा कीपर तुझ्यापेक्षा चांगला असेल तर फटका सुटायच्या आधी तो कुठे उभा आहे, वजन कोणत्या पायावर आहे, हात किती खाली आहेत, हे तू तीन मीटरवरून बघतोस. असं कोणत्याही व्हिडिओत दिसत नाही. पहिल्या हंगामात यातून खूप काही मिळतं. मग संघाचा सराव सुरू होतो आणि तू दुसऱ्या गोलात जातोस, बहुतेक वेळा राखीव बचावफळीच्या मागे. सराव संपला की स्ट्रायकरना आणखी फटके मारायचे असतात. पहिला कीपर आत जातो, कारण त्याला शनिवारी ताजं राहायचंय. तू थांबतोस. चेंडूमागून चेंडू येतात, बरेचसे तुला हलायची संधीच न देणारे, कारण तो सराव त्यांचा असतो. तुझं खांद्यावर पडणं वाढतं, निर्णय घेणं मात्र वाढत नाही.

कीपर घडतो तो निर्णयांवर. कॉर्नर येतोय. तुझ्या पुढ्यात त्यांचा सेंटर-बॅक पाठ टेकवून उभा, तुझा हात अडकेल इतका जवळ. तुझाच डिफेंडर त्याला ढकलतोय आणि त्या ढकलण्याने तो आणखी तुझ्यावर येतोय. चेंडू आत वळणारा आहे. निघायचं की गोललाइनवर थांबायचं, पकडायचं की मुठीने मारायचं, हे चेंडू सुटल्यावर एका क्षणात ठरतं. निघालास आणि पोचला नाहीस तर गोल, आणि तो तुझ्या नावावर. सरावात हेच करताना कोणी तुला जोरात धडकत नाही, कारण सहकाऱ्याला जखमी करायचं नसतं. म्हणून सरावात उत्तम दिसणारा कीपर वर्षभराने सामन्यात उतरला की अर्धं पाऊल उशिरा निघतो. हे अर्धं पाऊल सामन्यांतच परत मिळतं. तुझ्या वयाला एक हंगाम बेंचवर चालेल. लागोपाठ दोन झाले तर तू मागे पडू लागतोस, आणि तुला स्वतःला ते कळतही नाही, कारण सरावात सगळं ठीक असतं.

या सगळ्यात ज्याच्याशी तुझी स्पर्धा आहे, तोच तुझा सर्वांत जवळचा सहकारी असतो. हे नातं नीट सांभाळ. सामन्याआधी त्याला वॉर्म-अप देणं हे तुझं काम आहे, आणि ते जीव ओतून कर. कीपरांचा गट छोटा असतो, तिथे कोण मनापासून करतो आणि कोण कुढत करतो हे गोलकीपिंग कोचला दुसऱ्या आठवड्यात समजतं. तुला संधी द्यायची वेळ आली की हेड कोच त्यालाच विचारतो. त्यामुळे सही करण्याआधी या गोलकीपिंग कोचशी स्वतः बोल. व्हिडिओ कॉलवर अर्धा तास तरी. त्याने तुझे सामने पाहिलेत का, तुझ्यात काय सुधारायला हवं असं त्याला वाटतं, हे विचार. त्याला तुझ्याबद्दल काहीच सांगता आलं नाही, तर तुला घ्यायचं त्याने ठरवलेलं नाही, दुसऱ्याच कोणीतरी ठरवलंय. तो तुला परका मानूनच सुरुवात करेल.

आता नोंदणीचं गणित. युएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल संघटनेच्या, स्पर्धांसाठी क्लबला 25 जणांची यादी द्यावी लागते. त्यातल्या 8 जागा त्याच देशात घडलेल्या खेळाडूंसाठी राखीव असतात, आणि किमान 2 कीपर यादीत लागतात. अनेक क्लब या राखीव जागांपैकी एक तिसऱ्या कीपरला देऊन टाकतात, कारण तो खेळणार नसतोच. म्हणजे परदेशातून आलेला तिसरा कीपर हा क्लबला हिशेबातही अडचणीचा. दुसरा म्हणून घेत असतील तर बोलता येईल. तिसरा म्हणून असेल, तर लोनची सोय नसताना मी जाऊ देणार नाही.

काही लीगमध्ये विदेशी खेळाडूंची संख्याच मर्यादित असते आणि क्लब त्या जागा गोल करणाऱ्यांवर खर्च करतात. दक्षिण कोरियाने तर 1999 पासून विदेशी कीपरवर बंदीच घातली होती. त्याआधी ताजिकिस्तानात जन्मलेला कीपर वालेरी सारिचेव्ह तिथे इतका भारी ठरला होता की बरेच क्लब बाहेरून कीपर आणू लागले आणि स्थानिक पोरं बेंचवर गेली. सारिचेव्ह पुढे कोरियाचा नागरिक होऊन खेळत राहिला. ही बंदी 2026 च्या हंगामापासून उठवायचं ठरलं. देश निवडताना असे नियम आधी बघायचे असतात, कारण तुझ्या गुणांचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

करारावर येऊ. इथे मी सावकाश सांगतो, कारण तरुण कीपर इथेच फसतात.

लोनबद्दल तोंडी आश्वासन घेऊ नकोस. "खेळायला नाही मिळालं तर लोनवर पाठवू" हे प्रत्येक क्लब म्हणतो. फिफाच्या 2022 पासूनच्या नियमांनुसार लोन जास्तीत जास्त एका वर्षाचं असतं, आणि एका क्लबला बाहेर पाठवता येणाऱ्या खेळाडूंची संख्याही मर्यादित आहे. त्या मर्यादेतून 21 वर्षांपर्यंतचे, क्लबनेच घडवलेले खेळाडू वगळलेत. तू बाहेरून आलेला असल्याने त्या सवलतीत बसणार नाहीस. म्हणजे जुलैत सगळे कोटे भरले असतील तर इच्छा असूनही क्लब तुला परदेशात पाठवू शकणार नाही. ठराविक सामने मिळाले नाहीत तर पुढच्या विंडोत लोन मागण्याचा हक्क तुला असेल, असं कलम लिहून घे. सगळे क्लब मान्य करणार नाहीत. पण मागितल्यावर ते काय उत्तर देतात, यावरून तुला बरंच समजेल.

दुसरी गोष्ट, एका हंगामात तीन क्लबांकडे नोंदणी होऊ शकते, पण अधिकृत सामने साधारणपणे दोनच क्लबांकडून खेळता येतात. तू जुन्या क्लबकडून हंगामात एक सामना खेळलास, नवीन क्लबने कपच्या एका सामन्यात उतरवलं, की जानेवारीत तिसऱ्या क्लबकडे लोनवर जायची वाट बंद. देशांचे हंगाम वेगवेगळ्या महिन्यांत चालत असतील तर यात सूट मिळू शकते, पण ती गृहीत धरू नकोस. त्या एका कप सामन्याला हो म्हणण्याआधी पुढच्या सहा महिन्यांचा विचार कर.

वैद्यकीय तपासणी पास झाली तरच किंवा वर्क परमिट मिळालं तरच करार लागू, अशी अट फिफाच्या नियमांत चालत नाही. तपासणी आणि परवान्याची चौकशी क्लबने सहीच्या आधी उरकायची असते. तरी अशी वाक्यं मसुद्यात दिसतात. दिसली की काढायला लाव. पगार थकला तर काय, हेही माहीत असू दे: दोन महिन्यांचा पगार अन्यायाने अडकवला असेल, तर क्लबला लेखी नोटीस देऊन 15 दिवस थांबायचं, आणि तरीही मिळाला नाही तर करार मोडायचा हक्क तुझा असतो. नोटीस लेखीच हवी. मॅनेजरशी झालेलं बोलणं किंवा ड्रेसिंग रूममधलं आश्वासन याला काही किंमत नसते. पगाराचा आकडा कर कापून हातात येणारा आहे की कापण्याआधीचा, हे मसुद्यात शब्दांत लिहिलेलं हवं. सामने खेळल्यावर मिळणाऱ्या बोनसवर हुरळून जाऊ नकोस, दुसऱ्या कीपरसाठी तो कागदावरचाच पैसा आहे. मूळ पगार बघ.

दुखापतीचं कलमही वाच. बोटं, मनगट, खांदा हे आपले कायमचे दुखणारे भाग. पण डोक्याला मार हा सर्वांत गंभीर धोका आहे. ऑक्टोबर 2006 मध्ये रेडिंगविरुद्ध चेल्सीचा कीपर पीटर चेक याची कवटी फ्रॅक्चर झाली, आणि पुढची सगळी कारकीर्द तो डोक्यावर संरक्षक टोपी घालून खेळला. परदेशात तू एकटा असशील, डॉक्टर क्लबचा असेल आणि भाषा त्यांची असेल. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचा हक्क करारात मागून घे, आणि प्रत्येक स्कॅनची प्रत स्वतःकडे ठेव.

भाषेचं बोललंच पाहिजे, कारण आपलं अर्धं काम तोंडाने होतं. गोलसमोर ओरडायचे शब्द मोजकेच असतात: सोड, माझा, बाहेर या, माणूस मागे आहे, डावीकडे सरक. ते पहिल्या सरावाच्या आधी त्यांच्या भाषेत, त्यांच्या लयीत पाठ कर. व्याकरण नंतर येईल. जपानचा एइजी कावाशिमा 2010 मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी बेल्जियमला गेला, आणि अनेक युरोपीय भाषा बोलणारा कीपर म्हणून तो ओळखला जातो. बेल्जियमनंतर तो काही महिने क्लबशिवाय होता. मग स्कॉटलंड, मग फ्रान्समधल्या मेट्झमध्ये तिसरा कीपर, तिथून वर चढत पहिला, आणि 2018 च्या विश्वचषकात पस्तिसाव्या वर्षी जपानच्या गोलात. तिसऱ्या जागेवरून वर येणारे फार थोडे. जे येतात त्यांच्यावर डिफेंडरांचा विश्वास असतो, आणि न बोलणाऱ्या कीपरवर डिफेंडर विश्वास टाकत नाही.

लीगप्रमाणे खेळही बदलतो, त्यावर फार वेळ घालवत नाही. इंग्लंडमध्ये कॉर्नरला तुझ्याभोवती गर्दी करतात. स्पेनमध्ये चेंडू पायाने खेळवता आला नाही तर दोन सामन्यांत बाहेर बसवतील. उत्तरेकडच्या देशांत कृत्रिम गवत असतं, चेंडू जास्त वेगाने घसरतो आणि कोपर-गुडघे सोलतात. 2025-26 पासून चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरलास तर विरोधी संघाला कॉर्नर मिळतो, त्यामुळे वेळ काढायची जुनी सवय कुठेच चालणार नाही. तुझ्या व्हिडिओंत मी पाहिलं, डाव्या पायाने लांब पास द्यायला तू कचरतोस. कुठेही जा, हे आधी दुरुस्त कर.

"संधी परत येत नाही" हे एजंटचं वाक्य मनावर घेऊ नकोस. आपल्या जागेवर माणूस उशिरा पिकतो. केलर नवास कोस्टारिकातून स्पेनला गेला तेव्हा तेवीस वर्षांचा होता, आणि गेला तो दुसऱ्या श्रेणीतल्या अल्बासेतेकडे. तिथे खेळला, मग लेव्हान्तेत थांबून पहिला झाला, आणि 2014 मध्ये रियाल माद्रिदने त्याला घेतलं. पुढे लागोपाठ तीन चॅम्पियन्स लीग. डच कीपर एडविन व्हान डर सारला 2001 मध्ये युव्हेंटसने नवा कीपर बुफॉन आणल्यावर जागा सोडावी लागली, तर तो प्रीमियर लीगमध्ये नुकत्याच चढलेल्या फुलहॅमकडे गेला. मोठ्या क्लबच्या बेंचवर बसणं त्याला सहज जमलं असतं. चार हंगाम तो तिथे खेळला, मग मँचेस्टर युनायटेडने नेलं, आणि 2008 च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात चेल्सीच्या अनेल्काची पेनल्टी अडवली तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. खालच्या क्लबमध्ये खेळत राहिलेल्या कीपरकडे मोठे क्लब पुन्हा वळतात. बेंचवरच्याकडे फार क्वचित. गुरप्रीतसिंग संधू 2014 मध्ये नॉर्वेच्या स्ताबेककडे गेला, तोही बराच थांबला, पण क्लब अशा आकाराचा होता की त्याची पाळी येऊ शकत होती, आणि 2016 मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळणारा तो पहिला भारतीय ठरला.

म्हणून माझा सल्ला: एजंटला या आठवड्यात तीन गोष्टी लेखी आणायला सांग. पहिल्या कीपरचा करार कधी संपतो, लोनचं कलम क्लब देतो का, आणि तुला घ्यायला तयार असलेला दुसऱ्या श्रेणीतला किंवा शेजारच्या देशातला एक तरी क्लब कोणता. पहिल्याचं उत्तर दोन वर्षांच्या आत असेल आणि उरलेल्या दोनांपैकी एक जरी ठोस मिळालं, तर जा आणि पहिल्या दिवसापासून भाषेच्या शिकवणीला बस. तिन्हींवर टोलवाटोलवी झाली तर हा हंगाम आहेस तिथेच सगळे सामने खेळ. त्याच वेळी एजंटला ऑफर देणाऱ्या क्लबच्या देशातल्या खालच्या श्रेणीत पहिल्या कीपरची जागा शोधायला लाव. ती पगाराने कमी असेल, तरी मी तिलाच हो म्हणेन. सहीची वेळ आली की मसुदा क्लबने सुचवलेल्या वकिलाकडे न नेता खेळाडूंच्या संघटनेच्या वकिलाकडे ने. आणि तो एजंट फिफाचा परवानाधारक आहे का, हे आजच तपासून घे.